दिसणे आणि पाहणे

ज्ञानगंगेच्या अरण्यात वैशाखी पौर्णिमेची रात्र काढून आम्ही घरी परतलो, तेव्हा भेटेल त्याने आम्हांस एकच प्रश्न विचारला. घरातील मुलांनी विचारला, शेजाऱ्यांनी विचारला, आणि गावाबाहेरची टेकडी चढण्याचे कष्टही ज्यांनी कधी घेतले नसतील अशा आमच्या एका वकील मित्रांनीही विचारला. तो प्रश्न असा की, "काय दिसले?" "एक अस्वल दिसले," असे आम्ही सांगत गेलो, आणि ऐकणाराच्या मुद्रेवर जे कौतुक उमटे त्याचा थोडासा वाटा आम्हीही निःसंकोच घेत गेलो. उत्तर खोटे नव्हते. तथापि दहाव्या की बाराव्या खेपेस ते देत असता आमच्या मनात अशी शंका उभी राहिली की, आपण सांगतो आहोत ते खरे असले तरी त्या रात्री जे घडले ते हे नव्हे. शंका मनातून जाईना, म्हणून तिचा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

प्रथम स्थळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. बुलढाणा आणि खामगाव या दोन गावांच्या दरम्यान, अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, सुमारे २०५ चौरस किलोमीटरांचे हे अरण्य पसरलेले आहे, आणि १९९७ साली त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. पूर्णेस मिळणाऱ्या ज्ञानगंगा नदीवरून त्याचे नाव पडले. बुलढाण्याहून बोथ्याच्या वाटेने खामगावास जाणारा प्रवासी या अरण्यातूनच जातो. जिल्ह्यात दुसरी दोन अभयारण्ये आहेत. उत्तरेस सातपुड्याच्या अंगाला अंबाबरवा आहे, आणि दक्षिणेस लोणारच्या सरोवराभोवतीचे अगदी चिमुकले असे आहे. लोणारास जाणाऱ्याची मोठी सोय अशी की, सरोवर पाहावयास गेलेल्यास सरोवर दिसतेच. २०२० च्या जून महिन्यात क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे त्याचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा तो रंगदेखील काठावर उभ्या राहिलेल्या प्रत्येकास सारखाच दिसला. अरण्यातील प्राण्यांचे तसे नाही. ते आहेत हे ठाऊक असते, पण ते दिसतील असे वचन कोणी दिलेले नसते. आणि आमच्या प्रश्नाचा सारा गुंता येथूनच सुरू होतो.

वैशाखी पौर्णिमेस पाणवठ्यांवर मचाणे बांधून प्राण्यांची गणना करण्याची वनखात्याची जुनी रीत आहे. तिच्यामागील तर्क साधा आहे. ओढे आटलेले असतात, साग निष्पर्ण झालेला असतो, चंद्र रात्रभर आकाशात असतो, आणि आठ प्रहरांत एकदा तरी तहानलेल्या प्राण्यास उरल्यासुरल्या पाण्याकडे यावेच लागते. जो येईल त्याची नोंद करावी. पुढे शास्त्र सुधारले. २००६ पासून देशातील वाघांचा अंदाज स्वयंचलित कॅमेरे आणि संख्याशास्त्र यांच्या आधारे घेतला जाऊ लागला, आणि एका रात्रीच्या मोजणीवर शास्त्रज्ञांची फारशी भिस्त राहिली नाही. मचाण मात्र राहिले. त्यावर आता आमच्यासारखे हौशी नागरिक बसतात, आणि या उपक्रमास 'निसर्गानुभव' असे नाव मिळाले आहे. नावात आम्हांस दोष दिसत नाही. परंतु येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पूर्वी आम्ही पाहत होतो ते मोजण्यासाठी, असे म्हणण्यास जागा होती. आता आम्ही पाहतो ते पाहण्यासाठीच.

आमच्या मचाणावर आम्ही, आमचे एक स्नेही आणि सोबतीस एक तरुण वनरक्षक असे तिघे होतो. खाली सिमेंटची एक पसरट बशी होती. उन्हाळाभर तीत पाणी आणून ओततात. बोलू नये, तंबाखू ओढू नये, विजेरी पेटवू नये, इतके नियम आम्हांस आधीच सांगितले होते. सूर्यास्ताच्या सुमारास मोर आले. अंधारता अंधारता रानडुकरांचा एक कळप आला आणि पाण्यात अशा मोकळेपणाने लोळला की, आमच्या स्नेह्यांस हसू आवरेना. नंतर दोन रोही आले, ज्यांस पुस्तकातून नीलगाय म्हणतात. ते पुष्कळ वेळ दुरूनच मान उंच करून उभे राहिले, आणि अखेर प्याले. त्यानंतर तीन तास काहीच आले नाही. चंद्र माथ्यावर आला. मध्यरात्र उलटून गेल्यावर डावीकडच्या सालईखाली वाळलेली पाने चुरडल्याचा आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला. वनरक्षकाने आमच्या हातावर हात ठेवला. सावलीच्या कडेला सावलीहून काळे असे काहीतरी होते, आणि त्याचा श्वास आम्हांस स्पष्ट ऐकू येत होता. ते तेथेच उभे राहिले. पाच मिनिटे गेली असतील, किंवा दहाही. पाणी त्याच्यापासून पंधरावीस पावलांवर होते. आणि मग, हे लिहिताना आम्हांस अजूनही संकोच वाटतो, आम्ही विजेरी पेटवली.

मुस्कटाचा फिकट भाग, छातीवरची पांढरी कोर आणि दोन चमकणारे डोळे एवढे आम्हांस दोन क्षण दिसले. मग पाने जोराने वाजली आणि अस्वल निघून गेले. वनरक्षक आम्हांस काही बोलला नाही. वयाने आम्ही त्याच्या वडिलांच्या बरोबरीचे होतो. बऱ्याच वेळाने तो हलकेच इतकेच म्हणाला, "पाण्यावर आलं होतं, सर." नंतर त्याने मांडीवरच्या कागदावर अस्वलाच्या रकान्यात एक हा आकडा लिहिला आणि पुढे वेळ टिपली. प्राणी पाणी प्याला की नाही, याकरता त्या कागदावर रकाना नव्हता.

हे सारे सांगून झाल्यावर कोणी म्हणेल, एका अस्वलाला एक रात्र पाणी मिळाले नाही, यात नीतिशास्त्राचा प्रश्न तो कोणता? ते दुसऱ्या पाणवठ्यावर गेले असेल, किंवा पहाटे पुन्हा आले असेल. तसे असेलही. परंतु आमच्या मते प्रश्न पाण्याच्या घोटापुरता नाही. तो आमच्या पाहण्याचा आहे, आणि तो समजून घेण्यास नीतिशास्त्राआधी मराठी व्याकरणच आमच्या उपयोगी पडले.

'मला अस्वल दिसते' या वाक्यात कर्ता कोण, असे शाळेतल्या मुलास विचारले तर ते पुष्कळदा 'मी' असे सांगते आणि मार खाते. कर्ता अस्वल आहे. क्रियापद त्याच्या मागून चालते. आम्ही त्या वाक्यात चतुर्थीत, म्हणजे ज्यास काही द्यावयाचे त्याच्या विभक्तीत, हात पुढे करून उभे असतो. उलट 'मी अस्वल पाहतो' असे म्हटले की कर्तेपण आमच्याकडे येते, आणि अस्वल कर्म होऊन बसते. यापुढे तिसरी पायरी आहे. 'वाटाड्या मला अस्वल दाखवतो.' येथे कर्ता तिसराच निघाला. बहुधा त्यास आम्ही पैसे दिलेले असतात, आणि अस्वल हे दोघांच्या व्यवहारातील जिन्नस झालेले असते. दिसणे, पाहणे आणि दाखवणे ही तीन क्रियापदे आम्ही रोज वापरतो. परंतु त्यांतील प्रत्येकात प्राण्याची जागा निरनिराळी आहे, हे आम्हांस त्या रात्रीपूर्वी कधी सुचले नव्हते. ते अस्वल सावलीच्या कडेला थांबले, ते दिसावे की दिसू नये याचा निर्णय जणू त्याच्या हाती होता म्हणून. विजेरीने तो आम्ही हिरावून घेतला. 'अस्वल दिसले' हे आमचे उत्तर या अर्थाने खोटे होते. ते दिसले नाही. आम्ही त्यास पाहिले.

वर्तमानपत्रांना या बाबतीत दुसराच शब्द प्रिय आहे. अमक्या पर्यटकांस 'व्याघ्रदर्शन' घडले, असे ते छापतात. शब्द हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्याच जिल्ह्यात शेगावी गजानन महाराजांच्या समाधीपुढे तासन्‌तास रांगेत उभे राहणारा मनुष्य दर्शन म्हणजे काय हे चांगले जाणतो. दर्शन 'घेतले' असे तो म्हणतो खरा. परंतु ते मिळाले, देवाने दिले, असे त्याच्या मनात असते. गर्दीत ज्याला पुढे जाता येत नाही तो कळसाकडे पाहून हात जोडतो आणि समाधानाने परततो, आणि त्याची यात्रा फुकट गेली असे कोणीही म्हणत नाही. अरण्यात जाणारा मात्र ओल्या मातीतील ठसे, झाडाच्या सालीवरचे नखांचे ओरखडे, वारुळ उकरून गेलेल्या अस्वलाची ताजी माती, असे सारे कळसदर्शन घडूनही 'काहीच दिसले नाही' म्हणून हिरमुसला होऊन घरी येतो. दर्शनाचा शब्द त्याने घेतला, पण त्यातील नम्रता घेतली नाही. अर्थात देवळातही धक्काबुक्की करणारे असतातच. त्यांच्यावरून देवळाची परीक्षा करू नये.

मचाण हा शब्द आम्हांस शिकाऱ्यांकडून आला, हेही विसरून चालणार नाही. माग काढणे, दबा धरणे, पाणवठ्यावर टपून बसणे हे सारे त्याच विद्येचे शब्द. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदूक गेली आणि तिच्या जागी दुर्बीण व कॅमेरा आले. हा फरक लहान नाही; प्राणी जिवंत राहतो, याहून मोठा फरक तो कोणता असणार? प्राण्यास मारू नये ही शिकवण महाराष्ट्रात जुनीच आहे. कुत्र्यांच्या पुढून पळत आलेल्या सशास चक्रधरस्वामींनी आसरा दिल्याची लीळा महानुभावांच्या वाङ्मयात प्रसिद्ध आहे. पण न मारता, न दुखवता, केवळ डोळ्यांनीही अपराध घडू शकतो काय, हा प्रश्न मात्र त्यामानाने नवा आहे, आणि जुन्या आचार्यांकडे त्याचे तयार उत्तर सापडत नाही.

पाश्चात्त्य आचार्यांकडेही ते सहज सापडत नाही. कांटने मनुष्यास केवळ साधन म्हणून वापरू नये असे सांगितले. परंतु ते मनुष्यापुरतेच. पशूंशी क्रूरपणे वागू नये, याचे त्याने दिलेले प्रमुख कारण असे की, त्याने मनुष्याचे मन मनुष्याविषयीही कठोर होते. बेंथमने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पशूंच्या बाबतीत बुद्धीची नव्हे तर वेदनेची कसोटी लावली, आणि त्यानंतरची प्राणिदयेची बहुतेक चळवळ त्या एका कसोटीवर उभी राहिली. ती मोलाची आहेच; पण आमच्या विजेरीला ती अर्धीमुर्धीच लागू पडते. तहान ही वेदना खरी. समजा, अस्वल न बिचकता पुढे आले असते आणि प्रकाशाच्या झोतातच पाणी प्याले असते, तर आमचे वर्तन निर्दोष ठरले असते काय? आम्हांस तसे वाटत नाही. (याच बेंथमने एका मध्यवर्ती मनोऱ्यातून सर्व कैदी दिसावेत, पण पाहणारा मात्र कोणास दिसू नये, अशा तुरुंगाचा नकाशाही मोठ्या उत्साहाने आखला होता, ही गोष्ट मचाणावर बसणाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे.)

आमच्या घरांतून मुलांस फार लहानपणी एक गोष्ट शिकवली जाते. पाहुणा जेवत असता त्याच्या ताटाकडे टक लावून पाहू नये. आजी म्हणे, दृष्ट लागते. वडील म्हणत, वाईट दिसते. कारणे वेगळी असली तरी दोघांच्या मनात एकच भाव होता. जेवणारा त्या वेळी आपल्या देहाच्या गरजेपाशी एकटा असतो, आणि त्या एकटेपणाला मान देणे हे यजमानाचे कर्तव्य आहे. त्याने वाढावे, हवे नको विचारावे, आणि नजर दुसरीकडे ठेवावी. त्या सिमेंटच्या बशीत पाणी आम्ही मनुष्यांनीच ओतलेले होते. ओढे आटले, त्यालाही काही अंशी आम्ही मनुष्यच कारण असू. म्हणजे यजमान आम्ही होतो. पाहुणा दाराशी येऊन घुटमळत होता, आणि आम्ही त्याच्या तोंडावर दिवा धरला. याहून मोठे तत्त्वज्ञान या प्रसंगास लावण्याची आम्हांस गरज वाटत नाही. आजीचे पुरे आहे.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकणे अवश्य आहे, कारण ते वजनदार आहे. प्रतिपक्ष म्हणेल की, ज्या वस्तूस लोक पाहत नाहीत तीवर त्यांचे प्रेम बसत नाही, आणि जीवर प्रेम नाही तिचे रक्षण होत नाही. शहरातील मुलास एकदा अस्वल दिसू द्या. पुढे तोच मुलगा मोठा होऊन अरण्यातून रस्ता काढण्याच्या योजनेविरुद्ध उभा राहील. पर्यटकांच्या पैशाने वाटाड्यांची घरे चालतात, आणि ज्यांची घरे अरण्यावर चालतात ते अरण्य राखतात. हे सारे पुष्कळ अंशी खरे आहे. आम्ही स्वतः लहानपणी मामांच्या खांद्यावर बसून एका ओढ्याकाठी मोरांचा थवा पाहिला नसता, तर या वयात मचाणावर चढण्याची बुद्धी आम्हांस झाली नसती. तेव्हा पाहूच नये, अरण्याची दारे बंद करावीत, असे म्हणणारांत आम्ही नाही. परंतु या युक्तिवादात एक उडी आहे. पाहिल्याने प्रेम बसते, हे खरे मानले तरी पाहण्याचा हक्क त्यातून उत्पन्न होत नाही. शिवाय ज्या प्राण्यांवर आमचे प्रेम आहे ते आजवर टिकले, ते आमच्या पाहण्यामुळे किती आणि आमच्या न पाहण्यामुळे किती, याचाही हिशेब केला पाहिजे.

त्या हिशेबाचा एक आकडा ज्ञानगंगेतच आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत शास्त्रज्ञांनी संदेश देणारा पट्टा बांधला. जूनमध्ये त्याने जन्मस्थान सोडले, आणि विदर्भ, मराठवाडा व तेलंगणाचा काही भाग असा फिरत, सुमारे तेराशे किलोमीटर चालून, डिसेंबरच्या आरंभी तो ज्ञानगंगेत येऊन थांबला. पुढे त्याची एकंदर चाल तीन हजार किलोमीटरांच्या वर गेली. चालणारा म्हणून 'वॉकर' हे नाव त्यास मिळाले, आणि देशोदेशीच्या वृत्तपत्रांनी त्याच्या प्रवासाच्या कथा छापल्या. २०२० च्या एप्रिलमध्ये पट्टा काढण्यात आला. या कथेत आम्हांस सर्वांत विलक्षण वाटते ते अंतर नव्हे. तेराशे किलोमीटर म्हणजे काही निबिड अरण्य नव्हते. ती कपाशीची शेते होती, नदीनाल्यांचे काठ होते, डांबरी रस्ते होते, आणि पावलोपावली गावे होती. तो मुख्यतः रात्री चालला आणि दिवसा झुडपांत पडून राहिला. शेकडो गावांच्या शिवारातून एक पूर्ण वाढीचा वाघ निघून गेला, आणि झोपलेल्या गावांना त्याची दादही लागली नाही. त्या एवढ्या वाटेत मनुष्याशी त्याचा झगडा झाल्याचा प्रसंग एकच नोंदला गेला आहे. तो विसावला होता त्या झुडपात एक मनुष्य त्याच्या पावलांचा माग काढीत शिरला, आणि किरकोळ जखमी झाला. बाकीच्या वाटेवर त्यास कोणी पाहिले नाही, म्हणून काही घडले नाही. येथे कोणी पाहावयास गेले, आणि घडले.

तो आल्यावर आमच्या गावात जी चर्चा चाले तीही सांगण्यासारखी आहे. ज्ञानगंगेत दुसरा वाघ नव्हता, म्हणून त्यास जोडीदारीण आणून द्यावी काय, असा विचार त्या वर्षी वनाधिकाऱ्यांत चालला होता. भक्ष्य पुरेल काय, पिल्ले झाली तर ती कोठे जातील, सभोवार शेते व वस्ती असता त्यांचे पुढे काय होईल, हे प्रश्न त्यात होते, आणि ते योग्यच होते. दिवाणखान्यांतून मात्र निर्णय केव्हाच झालेला होता. "आणावी म्हणजे झाले. आपल्याच जिल्ह्यात वाघ दिसतील, ताडोब्यास जाण्याचा खर्च वाचेल." एका जिवाला सोबत मिळावी की नाही या प्रश्नात आमच्या रविवारच्या सहलीची सोय इतक्या सहजपणे शिरली की, बोलणाराला आपण काही विशेष बोललो असे वाटलेही नाही. बोलणारांत आम्हीही होतो.

पण या सर्व विचारात ज्यास आम्ही अखेरपर्यंत विसरलो होतो तो मनुष्य आम्हांस मचाणावर जाण्याच्या दिवशीच भेटला होता. अभयारण्याच्या कडेला चहासाठी थांबलो असता एका वृद्ध शेतकऱ्याने आम्ही कोठे निघालो याची चौकशी केली. आम्ही सांगितले. रोही, रानडुकरे, नशीब असले तर अस्वल. तो थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "रोही पाहाले इतक्या दूर आले भाऊ? आमच्या वावरात याचं होतं. फुकट पाहाले भेटले असते." दुकानातील मंडळी हसली, आम्हीही हसलो. त्याने मग हळूहळू सांगितले की, पेरणीपासून तूर घरात येईपर्यंत त्याच्या घरातील एक ना एक पुरुष रात्री शेतावर जागलीला असतो. शेतात चार लाकडांचे एक मचाण आहे. त्यावर बसून तो डबा वाजवतो, आरोळ्या देतो, विजेरी फिरवतो. एक रात्र डोळा लागला तर सकाळी मक्याच्या ओळी आडव्या झालेल्या असतात. त्याच्या भावकीतील एकास टेंभरे वेचावयास गेला असता अस्वलाने फाडले होते. तो जगला, पण त्याचा एक डोळा गेला. नुकसानीची भरपाई सरकार देते, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले, आणि ती मिळेपर्यंत किती खेटे घालावे लागतात तेही सांगितले.

म्हणजे एकाच अरण्याच्या कडेवर दोन मचाणे आहेत. एकावर आम्ही वर्षातून एक रात्र, प्राणी यावेत म्हणून श्वास रोखून बसतो. दुसऱ्यावर तो वर्षातील शेकडो रात्री, ते येऊ नयेत म्हणून घसा फोडून बसतो. आमच्या मचाणाखाली रोही आला तर आम्ही धन्य होतो. त्याच्या मचाणाखाली तोच रोही आला तर त्याच्या मुलाच्या शाळेची फी जाते. विजेरी दोघांच्याही हाती आहे. त्याने ती फिरवली तर त्यात आम्हांस दोष काढता येत नाही, कारण त्यास पोट आहे. आमच्यापाशी तेवढे कारणही नव्हते. आणि जे अस्वल पाहून आम्ही धन्य झालो, ते जगावे म्हणून जी किंमत द्यावी लागते ती प्रवेशिकेच्या पैशांनी आम्ही दिली अशी आमची समजूत असली, तरी तिचा मोठा भाग जागलीवरचा हा मनुष्य देत आहे. त्याने ती देण्याचे कधी कबूल केले नव्हते, आणि त्यास कोणी विचारलेही नव्हते. प्राणिप्रेमाच्या आमच्या लेखांत तो बहुधा येतो तो विषप्रयोग करणारा, तारेत वीज सोडणारा असा. तसे करणारे आहेत, आणि ते अक्षम्य आहे. परंतु इतक्या रात्री जागूनही जो तसे करीत नाही, त्याच्याविषयी आम्ही काय लिहिले?

प्राण्यांकडे पाहण्याचा आमचा हक्क कितपत, या प्रश्नाचे उत्तर शोधीत असता आम्ही त्या मनुष्याकडे मुळीच पाहिले नव्हते, ही गोष्ट आमच्या ध्यानात उशिरा आली. प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आम्हांस सापडले आहे, असा आमचा दावा नाही. पुढच्या वैशाखात आम्ही जाऊ असेही वाटते, आणि घरातील धाकटीस बरोबर न्यावे असेही मनात आहे. ती नऊ वर्षांची आहे, आणि अंधारात दोन तास गप्प बसणे तिला साधेल किंवा नाही याविषयी तिच्या आईस शंका आहे. विजेरी मात्र घरीच राहील. आणि त्या चहाच्या दुकानाशी थांबून त्या वृद्धाच्या मचाणावर एक रात्र बसावयास मिळेल काय असे विचारावे, हेही आम्ही ठरवले आहे. तो हसेल, हे आम्हांस ठाऊक आहे.

त्या रात्री अस्वल गेल्यानंतर आम्हांपैकी कोणी झोपले नाही. पाने पुन्हा वाजली नाहीत. पहाटेच्या सुमारास एक ढग चंद्रावरून गेला, आणि तेवढ्या वेळात खाली पाण्याशी काही हालचाल झाल्यासारखी वाटली. आमच्या स्नेह्यांनी ती ऐकली, वनरक्षकाने ऐकली नाही. उजाडल्यावर तो आमच्या आधी खाली उतरला आणि बशीभोवतीच्या ओल्या मातीत वाकून ठसे पाहू लागला. आम्हीही पाहिले. सालईपासून निघालेली अस्वलाची पावले काही अंतरापर्यंत स्पष्ट होती, आणि परत फिरल्याचीही स्पष्ट होती. पाण्याच्या अगदी कडेला मात्र रानडुकरांनी सारे तुडवून टाकले होते, आणि त्या चिखलात मागाहून कोणी आले होते की नाही, हे काही केल्या सांगता येईना.